‘रिकाम्या बायकांचा उद्योग’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार.

गच्चीवरची लाल अंबाडी आणि तिच्या बोंडांचं सरबत या माझ्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया वाचली. त्याच दिवशी उत्तर लिहिलं असतं तर एखादा शब्द जास्तीचा गेला असता, म्हणून थांबले. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अंबाडी ही बांधावरची, ती कुंडीत येत नाही. आपण घरच्या अंबाडीचं सरबत करून पाहिलं, तर नुसतं आंबट पाणी झालं. कृतीत साखर फार आहे. बीपी कमी होतं वगैरे थापा आहेत. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं: "शेती कशाशी खातात हे माहीत नसलेल्या शहरातल्या रिकाम्या बायकांचा हा उद्योग आहे."

साखरेचं आधी मिटवते. लिटरभर पाण्याला मी वाटीभर साखर सांगितली होती. ज्याला जास्त वाटेल त्याने निम्मी घालावी, चव बिघडत नाही. हे आपलं म्हणणं मला मान्य आहे. एवढंच लिहिलं असतंत तर मी आभार मानून मोकळी झाले असते.

पण आपण एवढंच लिहिलं नाहीत.

माझं माहेर पलूस तालुक्यातलं, भिलवडीच्या अलीकडचं, अगदी कृष्णाकाठचं. आमच्या जोंधळ्याच्या कडेनं अंबाडीची ओळ असायचीच. कोवळा पाला भाजीला. कण्या घालून शिजवलेली ती भाजी, वरून लसणाची चरचरीत फोडणी आणि भाकरी, हे आमचं पावसाळ्यातलं जेवण. झाड वाढलं की खोड वाखाला, म्हणजे दोर वळायच्या धाग्याला. कापलेल्या अंबाडीच्या पेंढ्या बांधून ओढ्याच्या पाण्यात दगडांखाली दाबून ठेवायचे. साल सुटायला लागली की वडील आणि चुलते गुडघाभर पाण्यात उभे राहून वाख काढायचे. त्या कुजक्या पाण्याचा वास आंघोळ करूनही अंगाला राहायचा. बेंदराच्या आधी त्याच वाखाचे कासरे वळायचे, आणि पीळ भरताना दुसरं टोक धरून मागं मागं सरकत जायचं काम आम्हा मुलींचं. टोक सुटलं की सगळा पीळ उलगडायचा आणि बोलणी बसायची. शेती कशाशी खातात हे माहीत नाही, असं मला सांगण्याआधी तुम्ही एक साधा प्रश्न विचारू शकला असता. तो विचारला नाहीत. सांगलीच्या गच्चीचा फोटो बघितलात, बाईचं नाव बघितलंत आणि निकाल देऊन मोकळे झालात.

आणि ‘रिकाम्या’. पुरुषानं गच्चीवर गुलाब लावले की त्याला छंद म्हणतात, बाईनं खाण्यापिण्याचं काही लावलं की ती रिकामी. हे मी नोकरीच्या ठिकाणीही ऐकलं आहे. सकाळचा डबा, बस, दिवसभराची नोकरी, संध्याकाळी सासूबाईंची औषधं, यातून वेळ काढून मी झाडांना पाणी घालते. त्या वेळाला रिकामपण म्हणायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

अंबाडी बांधावरची, असं तुम्ही लिहिता. आमच्याकडे बांध उरलेत कुठे? ऊस आला, बांध कोरत कोरत सरीला लागले आणि कडेची अंबाडी गेली. भावानं परसात थोडी राखली होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावात शिरलं तेव्हा उभी झाडं कुजली आणि माळ्यावर ठेवलेलं बीही भिजून गेलं. पुढच्या पावसाळ्यात त्याला बी गेलं ते माझ्या गच्चीवरच्या कुंडीतून. आज त्याच्या परसात जी लाल अंबाडी उभी आहे ती या ‘उद्योगा’तली आहे. तुम्ही ज्याला खरी शेती म्हणता तिला कुंडीनं बी पुरवलं आहे, आणि हे मी अभिमानानं सांगते.

कुंडीत येत नाही म्हणता, तर कशी येते तेही सांगते. कुंडी निदान १८ इंची हवी. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि मूळ कुजतं, म्हणून शेणखत आणि जाड वाळू मिसळायची. बी जूनमध्ये टाकायचं. झाड हातभर झालं की शेंडा खुडायचा, म्हणजे फांद्या फुटतात आणि शेंडा भाजीत जातो. परतीच्या पावसाआधी काठीचा आधार द्यायचा. दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय अंबाडी कळी धरत नाही, त्यामुळे उन्हाळ्याच्या तोंडावर लावणाऱ्याला कितीतरी महिने नुसता पाला मिळतो. रात्रीचा उजेडही तिला चालत नाही. आमच्या गच्चीच्या एका कोपऱ्यावर रस्त्याच्या खांबाचा दिवा रात्रभर पडतो. तिथलं झाड माणसाच्या उंचीचं झालं, पानांनी गच्च, पण कळी एक नाही. त्याच दिवशी पेरलेलं, पाण्याच्या टाकीआडचं झाड मात्र ऑक्टोबरात खालपासून वरपर्यंत लाल. दिव्याखालची कुंडी ओढत टाकीआड नेली, मग तिलाही कळ्या आल्या. शेती माहीत नसलेली बाई हे बघत बसत नाही.

तुमचं आंबट पाणी का झालं, त्याचंही कारण आहे. तुमच्या बांधावरची अंबाडी बहुधा वाखाची असणार. तिचं बोंड बारीक, कोरडं, टोचरं. उकळायला त्यात काही नसतंच. सरबताच्या लाल अंबाडीचं फूल एकच दिवस टिकतं. ते गळालं की त्याखालचं लाल आवरण फुगत, जाड होत जातं. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत, नखानं कटकन तुटतं तोवरच बोंड काढायचं, नंतर ते चिवट होतं. बुडाशी चाकूनं गोल चीर द्यायची आणि पेनाच्या रिकाम्या नळीनं मधली हिरवी बियांची गाठ पलीकडे ढकलायची. त्या गाठीवरची बारीक लव बोटांत शिरते, म्हणून ती चिमटीत धरून ओढू नये. ही लाल सालं ठेचलेल्या आल्याबरोबर स्टीलच्या पातेल्यात पाच-सात मिनिटं उकळायची आणि झाकून ठेवायची. आंबट असल्यानं ॲल्युमिनियमचं भांडं नको. पूर्ण गार झाल्यावर गाळायचं. गूळही चालतो, पण त्यानं रंग मळकट होतो. हे बहुतेक सगळं मूळ लेखात होतं. तुम्ही तिथवर वाचलंत की नाही, शंका आहे.

याच झाडाचं पेय इजिप्त-सुदानमध्ये करकदे म्हणून पितात, सेनेगलमध्ये बिसाप म्हणून. मेक्सिकोत ते जेवणाबरोबर असतं, जमैकात नाताळला आलं घालून करतात. एवढ्या देशांतल्या बायका रिकाम्या आहेत का?

बीपीबद्दल फार लिहीत नाही. थाप म्हणण्याआधी एवढं बघा: अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला आहे. त्यात ६५ जणांपैकी काहींना दिवसाला ३ कप असा या बोंडांचा चहा ६ आठवडे दिला आणि बाकीच्यांना तशाच चवीचं दुसरं पेय. चहा पिणाऱ्यांचं वरचं बीपी सरासरी ७ अंकांनी उतरलं, दुसऱ्यांचं १ अंकाच्या आसपास. मी त्याला औषध म्हटलेलं नाही. गोळ्या चालू असतील त्यांनी डॉक्टरांना विचारूनच रोज प्यावं. हा विषय माझ्याकडून संपला.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही. पुढेही चुका दाखवा, कडक शब्दांत दाखवा, पण झाडाबद्दल बोला. माझ्या रिकामपणाचा हिशेब परत मांडलात तर ती प्रतिक्रिया इथे दिसणार नाही. आणि लाल बोंडाचं बी हवं असेल तर मेच्या अखेरपर्यंत कळवा. पाकिटातून पाठवते, पैसे नकोत.