पुरावा किती झाला म्हणजे पुरे?

‘पुरावा असेल तर माना, नसेल तर मानू नका. त्यात नीती-अनीती आणू नका.’ हे ऐकायला चोख वाटतं, पण खरा प्रश्न त्यात राहूनच जातो. किती पुरावा झाला म्हणजे मानायचं? ते एकटा पुरावा सांगू शकत नाही. त्यासाठी आपण चुकलो तर काय होईल आणि कुणाचं होईल, हे बघावंच लागतं.

एखाद्या पदार्थात शेंगदाणा नाही याची ९५ टक्के खात्री आहे असं धरा. खाणाऱ्याला शेंगदाण्याचं वावडं नसेल तर एवढी खात्री भरपूर झाली. त्याला तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर तीच ९५ टक्के खात्री कुचकामी, कारण उरलेल्या पाच टक्क्यांत जीव जाऊ शकतो. पुरावा दोन्हीकडे तोच आहे.

याचं गणित सोपं आहे. उगाच सावध राहिल्याचं नुकसान १ आणि धोका असताना गाफील राहिल्याचं ९९ धरलं, तर १ भागिले दोन्हींची बेरीज १००, म्हणजे धोक्याची शक्यता एक टक्क्याच्या वर गेली की सावध व्हायचं. दोन्ही नुकसानं सारखी असतील तर हीच रेषा ५० टक्क्यांवर येते. फौजदारी खटल्यात ‘वाजवी संशयापलीकडे’ सिद्ध करावं लागतं आणि दिवाणी दाव्यात ‘अधिक शक्य काय’ एवढ्यावर निकाल होतो, तोही याच हिशेबाने. रिचर्ड रडनर या तत्त्वज्ञाने १९५३ मध्ये वैज्ञानिकांबद्दल हेच मांडलं. गृहीतक स्वीकारताना चूक किती गंभीर ठरेल याचा विचार त्यांनाही टळत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की नुकसानाच्या हिशेबाने रेषा कुठे आखायची ते ठरवावं. पुरावा कुठल्या बाजूला झुकतो, हे त्या हिशेबाने ठरवू नये.

गडबड इथेच होते. विल्यम क्लिफर्ड या गणितज्ञाने १८७७ साली एका जहाजमालकाचं उदाहरण दिलं होतं. जहाज जुनं, दुरुस्तीला आलेलं. खर्च नको म्हणून मालक मनाची समजूत घालतो की एवढ्या सफरी झाल्या, हीही होईल. जहाज बुडतं, माणसं जातात. नीट बघा, त्याने खोटा पुरावा रचलेला नाही. त्याचा विश्वास प्रामाणिकच आहे. त्याने फक्त तपासणी होऊ दिली नाही. क्लिफर्डच्या मते जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तो तेवढाच दोषी, आणि मला ते पूर्ण पटतं.

हवं ते उत्तर मिळालं की शोध थांबवायचा, ही खोड आकडेवारीतही पकडता येते. ५ टक्क्यांची कसोटी (मुळात काहीच नसताना निव्वळ योगायोगाने निकाल लागण्याची शक्यता ५ टक्के) लावून साठत जाणाऱ्या माहितीकडे सारख्या अंतराने पाच वेळा डोकावलं, आणि निकाल ‘लागला’ की तिथेच थांबलं, तर खोटा निकाल लागण्याची शक्यता सुमारे १४ टक्क्यांवर जाते. म्हणून कुठे थांबायचं ते आधी लिहून ठेवा. दोन्ही बाजूंच्या चुकांचं नुकसान कुणाला सोसावं लागेल, तेही लिहा. शेवटी स्वतःला विचारा: उत्तर उलटं आलं असतं तर मी इथेच थांबलो असतो का?

माणसांबद्दल मत बनवताना रेषा आणखी वर हवी. ‘त्या गटातले बहुतेक तसे, म्हणून हाही तसाच’ हे आकड्याने बरोबर निघालं तरी त्या एका माणसावर अन्याय होऊ शकतो. आकडा खोटा ठरवायची गरज नाही. त्या माणसाबद्दलचा, त्याच्या वागण्याचा पुरावा मागायचा.

अर्थात पुराव्याची वाट बघत थांबण्यालाही किंमत असते. मुलाला कुणी इजा करत असल्याचा संशय पाच टक्के असला, तरी त्या व्यक्तीला मुलाजवळ एकटं सोडायचं नाही आणि चौकशी त्याच दिवशी सुरू करायची. पण तेवढ्यावर तिला गुन्हेगार मानायचं नाही, चारचौघांत तसं बोलायचं नाही. संरक्षणाला पाच टक्के पुरतात, दोष द्यायला मुळीच पुरत नाहीत. चौकशीच्या कागदावरही ‘खबरदारी म्हणून आपण काय केलं’ आणि ‘काय सिद्ध झालं’ हे दोन वेगळे रकाने ठेवा.