रोज थोडं थोडं, पण वाजतगाजत

अंगातली कला जागी करायची आणि जमलं तर मनही ताळ्यावर आणायचं, असं तुम्ही ठरवलं असेल तर अभिनंदन. आता पहिलं काम म्हणजे मुदत ठरवणं. 21 दिवस. वीस नाही, बावीस नाही. रोज तीन पानं लिहायची असोत, दहा मिनिटं चित्र काढायचं असो की डोळे मिटून श्वास मोजायचा असो, मुदत 21 दिवसांचीच.

21 का, असं एखादा शहाणा विचारेल. त्याला सांगा, शास्त्र आहे. मूळ भानगड अशी की, मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लॅस्टिक सर्जननं 1960 मध्ये लिहून ठेवलं की ऑपरेशन करून घेतलेल्या माणसाला आरशातल्या नव्या तोंडाची सवय व्हायला निदान 21 दिवस लागतात. तोंडाचं ते पुढं डायरीला, योगासनांना आणि कारल्याच्या रसालाही लागू झालं. नंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी 96 जणांना आपापल्या आवडीची एकेक बारीक सवय लावून घ्यायला सांगितली आणि खरोखर मोजलं, तर सरासरी निघाली 66 दिवसांची. कुणाला 18 पुरले, कुणाचा अंदाज 254 वर गेला. आता 254 दिवसांचा चॅलेंज जाहीर केला तर नाव नोंदवायला कोण येणार? शिवाय मधे एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही, असंही त्या लोकांना आढळलं. हे तर कुणाजवळ बोलूच नका. एक दिवस चुकला तरी चालतंय म्हटल्यावर माणूस दुसऱ्या दिवशी निवांत परत वही उघडेल, आणि असं करता करता खरंच सवय लागून जायची. त्यापेक्षा चौथ्या दिवशी खंड पडला की 'आपल्याच्यानं काय होत नाही' म्हणून वही माळ्यावर टाकावी आणि पुढच्या एक तारखेला नवी आणावी. बाजारपेठही हलती राहते.

वही मात्र साधी आणू नका. पोरांची शंभर पानी आणली तर तुम्ही तिच्यात काहीबाही खरडाल, खाडाखोड कराल, मागच्या पानावर दुधाचा हिशेब मांडाल, आणि त्या खाडाखोडीतूनच कधी एखादी ओळ निघून बसेल. जाड पुठ्ठ्याची, रेशमी फीत असलेली, वास घ्यावासा वाटेल अशी घ्या. तिच्यात पहिलं वाक्य लिहायला हात धजत नाही आणि ती वर्षानुवर्षं नवी राहते.

बाकीच्या सामानाचंही तेच. 'चांगला कॅमेरा असता तर मीपण दाखवलं असतं' हे वाक्य तोंडपाठ ठेवा. फक्त ते आपल्या कोल्हापुरात खरी कॉर्नरला, जिथं कॅमेऱ्याचं स्मारक आहे, तिथं उभं राहून म्हणू नका. याच गावात बाबूराव पेंटर नावाच्या माणसानं, चित्रकलेच्या कुठल्या शाळेत न जाता नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या माणसानं, 1918 च्या सुमाराला सोबत्यांना घेऊन चित्रपटाचा कॅमेराच तयार केला, आणि 1920 मध्ये त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला मूकपट लोकांनी पाहिलाही. असली माणसं गावात होऊन गेली की पुढच्या पिढ्यांना सबबी सांगायला फार जड जातं.

फिरायला मात्र जाच. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या दोघांनी 2014 मध्ये प्रयोग करून दाखवलं की बसलेल्या माणसापेक्षा चालणाऱ्याला जास्त कल्पना सुचतात. त्यातही गंमत अशी की, कोऱ्या भिंतीकडं तोंड करून ट्रेडमिलवर चालवलेल्यांनासुद्धा सुचल्या. नुसत्या भिंतीपुढं ही कथा, तर तुमच्यापुढं अख्खा रंकाळा पसरलाय. पलीकडं शालिनी पॅलेस, पाणी उतरेल तसा वर येत जाणारा संध्यामठ, थंडीत पाण्यावर उठणारी वाफ, आणि कठड्याला पाय लावून वाकणारे, त्याच वेळी जोरजोरात बोलणारे आजोबा. एवढ्या ऐवजातून चुकून काही सुचलंच तर निस्तरणार कोण? म्हणून पुरता बंदोबस्त करूनच घराबाहेर पडा. कानात इयरफोन, आणि त्यात 'यशस्वी माणसांच्या सकाळच्या सवयी' सांगणारा कुणीतरी, दीडपट वेगानं लावलेला. मनगटाला घड्याळ हवंच. ते पावलं मोजेल, ठोके मोजेल, रात्री झोप कशी लागली तेही तुम्हाला सांगेल, म्हणजे ते तुम्हाला स्वतःला कळायची गरज नाही. पावलं कमी पडली तर गाडीजवळ येऊन जागच्या जागी नाचून भरून काढा. तसं करणारे पुष्कळ आहेत, तुम्ही एकटे दिसणार नाही.

सोबत चौघं असतील तर इयरफोनचीही गरज नाही. पहिल्या फेरीत हद्दवाढ, दुसरीत दूध संघाचं राजकारण, आणि कालच्या फुटबॉल मॅचमध्ये रेफ्री कुणाच्या पेठेचा होता याचा निकाल तिसरीत. तलाव कुठल्या बाजूला होता हेदेखील घरी आल्यावर सांगता येत नाही, इतकी एकाग्रता साधते. मग मिसळ ओघानं आलीच. कटाची दुसरी वाटी मागताना घड्याळाकडं एकदा बघायचं आणि 'आज तीनशे जाळल्यात' म्हणायचं. घड्याळाला मिसळीचं मोजता येत नाही, ही त्या कंपनीची मेहरबानी.

याहून धोक्याची गोष्ट म्हणजे कंटाळा. इंग्लंडात सेंट्रल लँकशर विद्यापीठातल्या दोघींनी लोकांना मुद्दाम कंटाळा आणला. टेलिफोन डिरेक्टरीतले नंबर उतरवून काढायला लावले, आणि मग विचारलं, या प्लॅस्टिकच्या कपांचे उपयोग सांगा. तर कंटाळलेल्यांना जास्त सुचले. दुसऱ्या खेपेला काहींना नंबर नुसते वाचायला दिले, म्हणजे हाताला तेवढाही चाळा नाही. त्यांना आणखी जास्त सुचलं. याचा अर्थ आपल्या गावात जागोजागी सापळे लावलेत. सलूनमध्ये आपल्या आधी दोन दाढ्या आहेत. मिसळीच्या दुकानाबाहेर नंबर लावून उभे आहात. बायको महाद्वार रोडला मॅचिंगचं अस्तर शोधतीय आणि तुम्ही गाडी सांभाळत बसलाय. पूर्वीची माणसं अशा वेळी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायची, समोरच्याच्या चपलेचा कुरकुर आवाज ऐकायची, कुणीतरी मनातल्या मनात चाल लावायचा, गल्लीतल्या माणसांची टोपणनावं तर असल्या रिकाम्या वेळातच जन्माला आलीत. आता सुदैवानं खिशात फोन आहे. डोकं रिकामं झाल्याची नुसती शंका आली तरी रील लावा. न्हाणीघरातसुद्धा. तिथं तर लावाच, तिथं माणसाला फार सुचतं.

ध्यानधारणेवर मी फार बोलत नाही. त्याचं अॅप आहे, वर्षाचे पैसे भरायचे, एक परकी बाई तुम्हाला श्वास घ्यायला सांगते. एरवी ध्यान कसं असतं ते बघायचं तर जुलै-ऑगस्टात पंचगंगेच्या बाजूला या. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांला इशारा पातळी, 43 ला धोका. त्या दिवसांत चहाच्या गाड्यावरचा पोऱ्या, वकील, शाळेतली बाई, सगळे एकच आकडा धरून असतात. तोही फूट आणि इंचांत. कुणाचं मन इकडंतिकडं भटकत नाही. पैसे पडत नाहीत म्हणून त्याला वेलनेस म्हणत नाहीत इतकंच.

केलेल्या कामाचं काय करायचं, हा पुढचा मुद्दा. इथं आबालाल रहमान यांचा आदर्श अजिबात ठेवायचा नाही. हा माणूस मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून आला, शाहू महाराजांच्या दरबारचा चित्रकार झाला, कोल्हापूरच्या परिसरातला उजेड रंगवत फकिरासारखा राहिला, आणि 1922 मध्ये महाराज गेल्यावर आपली पुष्कळ चित्रं कोटितीर्थ तलावात सोडून दिली, असं गावात सांगतात. ना आधी फोटो, ना स्टेटस. तुम्ही उलट वागा. चित्र अर्धं झालं की टाका, कागद कोरा असला तरी 'काहीतरी येतंय' म्हणून टाका. मग दर दोन मिनिटांनी कुणी बघितलं ते बघा. मावसभावानं बघून बदाम दिला नाही तर तो राग मनात नीट जपून ठेवा. येत्या लग्नकार्यात उपयोगी पडेल. कृतज्ञतेच्या तीन ओळी रोज लिहायच्या असतात, त्याही ग्रुपवर टाकायच्या. 'आज मी ऋणी आहे' म्हणून लिहिलं की खाली बारा जणांचे हात जोडलेले येतात, आणि ज्याचे उसने पैसे द्यायचे आहेत तोही नेमका तिथंच असतो, एवढा एक तोटा.

आता फलक. 21 दिवस पुरे होण्याची वाट बघू नका, संकल्प केल्याबद्दलच लावा. इथं पोराला दहावीला साठ टक्के पडले तरी चौकात फ्लेक्स लागतो, गल्लीतल्या कुत्र्याचा वाढदिवस असला तरी लागतो, मग तुमच्या डायरीनंच काय घोडं मारलंय? दहा बाय आठ बरा. वर मंडळाचे आधारस्तंभ, मधे तुमचा गॉगल घातलेला फोटो, हात छातीशी बांधलेले, खाली शुभेच्छुकांची डोकी एकाला एक चिकटून. कुणाचं डोकं राहिलं तर आयुष्यभराचं वैर, तेव्हा नावांची यादी दोनदा वाचा.

फलक करायला जाल तिथं एक खबरदारी घ्या. कॉम्प्युटरवर पोरगा बसलेला असतो, त्याच्याशीच बोला. मागं स्टुलावर त्याचा बाप असतो, तिकडं बघायचं नाही. मी ज्या दुकानात जातो तिथल्या त्या गृहस्थांना सगळे नुसतं पेंटर म्हणतात. फ्लेक्स यायच्या आधी निम्म्या पेठेच्या पाट्या त्यांनी हातानं रंगवलेल्या: तालमीची, पिठाच्या गिरणीची, ट्रकच्या मागच्या फळ्या. फ्लेक्स आला आणि ब्रशचं काम गेलं, मग पोरानं फ्लेक्सचंच दुकान टाकलं. आता पेंटर काय करतात, तर छपाईत वाया गेलेल्या फ्लेक्सचे तुकडे उलटे करतात आणि मागच्या पांढऱ्या बाजूवर एक अक्षर काढतात. दिवसाला एक.

परवा माझ्या फलकाचं डिझाइन होईपर्यंत मला नाइलाजानं ते बघावं लागलं. चपटा ब्रश काळ्या ऑइल पेंटमध्ये बुडवला, डबीच्या काठावर दोन्ही अंगांनी निपटला. करंगळी तुकड्यावर टेकवली. 'ळ' काढायचा होता. मनगट हलत नव्हतं, हात कोपरापासून फिरत होता; डावी वाटी एका दमात उतरली, उजवी उतरताना जरा रोड झाली. मान तिरकी करून ते बघत बसले, ते इतका वेळ की मला वाटलं डुलकी लागली. मग चिंधीवर टर्पेंटाइन घेऊन तेवढी उजवी वाटी पुसली, पुसल्याचा डाग सुकू दिला, परत काढली. शेवटी वरची रेघ. ब्रश धुतला आणि तुकडा भिंतीला, कालच्या अक्षरावर टेकवून ठेवला. कालचं अक्षर झाकलं गेलं, त्याचंही त्यांना काही वाटलं नाही.

"पेंटर, हे कुठं टाकता का?"

"टाकतोय की. भंगारवाला येतोय महिन्याला."

"तसं नव्हं. फोटो वगैरे. लोक बघतील."

"दुपारपत्तोर गिऱ्हाइक नसतंय ओ," ते म्हणाले. म्हणजे माझा प्रश्नच त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता.

मी रीतसर समजावून सांगितलं. चॅनेल काढा. '21 दिवसांत अक्षरसाधना' असा कोर्स करा. आधीचं-नंतरचं असे फोटो. मागं बासरी लावा. ते मान डोलवत होते, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडं पोराच्या स्क्रीनवर होती. या माणसाला ना उद्दिष्ट, ना मुदत, ना एक फॉलोअर. रक्तदाब किती ते विचारायचं राहिलं, पण चेहऱ्यावरून काही वाटत नव्हता. अशा माणसाच्या जवळपास फार वेळ थांबलं तर आपल्या संकल्पाची हवा जाते, म्हणून सांगतोय.

"मनःशांतीतली दोन टिंबं राहिल्यात बघ," पेंटर पोराला म्हणाले.

पोरानं माझ्याकडं पाहिलं. टिंबं घालायची तर ओळ लांबत होती आणि शेजारच्या गॉगलवर चढत होती.

"राहू दे," मी म्हटलं, "फोटो तेवढा अजून मोठा कर."