किर्लोस्करांनी ‘मिकाडो’ पाहिला म्हणे!

मेसेज असा: अण्णासाहेब किर्लोस्करांनी मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये ‘मिकाडो’ हा इंग्रजी विनोदी ऑपेरा पाहिला, त्याची नक्कल म्हणजे ‘संगीत शाकुंतल’. आपली झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातली, नाटकं ही नकलेची नक्कल, सबब बंद करा. डिलीट करकरून मी कंटाळलो होतो. परवा मंडळाच्या बैठकीत माझ्या सख्ख्या भाच्यानंच तो वाचून दाखवला. आता बोलतो.

काहून बाप्पा, किर्लोस्कर तिथं गेले कधी? ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ३१ ऑक्टोबर १८८० ला झाला. लेखक गिल्बर्ट आणि संगीतकार सलिव्हन यांचा ‘मिकाडो’ लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात पहिल्यांदा लागला १४ मार्च १८८५ ला. त्याच वर्षी किर्लोस्कर वारले. आणि ऑपेरा हाऊसचं उद्घाटन पंचम जॉर्जनं केलं १९११ मध्ये! म्हणजे बांधलेल्या नसलेल्या थिएटरात, लिहिलेला नसलेला खेळ. तिकीट कोणत्या खिडकीवर मिळालं, तेवढं कळवा.

“दोन्हीकडे गाणी आहेत” हा पुरावा असेल, तर कीर्तनालाही ऑपेरा म्हणा. सलिव्हनची गाणी लिहिलेल्या सुरावटीबरहुकूम वाजायची. ‘शाकुंतल’मध्ये साकी-दिंडी हे आपले जुने मराठी छंद आहेत, आणि गाणारा पद रंगेल तसं वाढवतो. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी गाणी असलेलं ‘सीतास्वयंवर’ नाटक केलं ते तर १८४३ सालीच.

पडदा, विंगा, चौकटीचा रंगमंच साहेबाकडून आला, हे कबूल. पेटीही तिकडचीच. पण किर्लोस्करांना संगीत नाटकाची कल्पना सुचली ती पारशी मंडळींचा ‘इंद्रसभा’ पाहून, असं सांगतात. तो खेळ लखनौच्या उर्दू कवी अमानतचा, लंडनचा नव्हे.

खरा राग आहे तो झाडीपट्टीवरच्या वाक्याचा. दंडार, खडी गंमत हे नाच-गाण्याचे लोकखेळ गावचीच माणसं उघड्यावर करायची. त्यांनी कोणता ऑपेरा पाहिला? आजही धान निघालं की मंडई म्हणजे गावची जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री गडचिरोलीकडच्या वडशाच्या नाटक कंपनीचं नाटक. रंगमंचापुढं ऑर्गन-तबलेवाले, जवळच प्रॉम्प्टर, आणि नट स्वतः गातो, पहाटेपर्यंत. त्यावर कित्येक घरांचा हंगाम चालतो. त्याऐवजी भाच्याला डीजे पाहिजे. तो जसा काही आपल्या गावच्या सुतारानंच केला! वर्गणीची वही माझ्याकडे आहे. कंपनीचा इसार देऊन उरलं, तर डीजेचं बघू.