चहाच्या पेल्याखालचे आधार कार्ड

आज सकाळी कुरिअर घ्यायला सोसायटीच्या गेटवर गेले, तेव्हा वॉचमनच्या केबिनमधील टेबलावर चहाचा पेला ठेवलेला होता आणि टेबलाला डाग पडू नये म्हणून त्याखाली एक कागद घातलेला होता. तो कागद म्हणजे आमच्याकडे अकरा वर्षे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींच्या आधार कार्डाची झेरॉक्स होती. पेल्याचा गोल डाग बरोबर त्यांच्या चेहऱ्यावर उमटला होता आणि खालचे बारा अंक, जन्मतारीख, चाळीतल्या खोलीचा पत्ता हे सगळे उभ्या उभ्या वाचता येत होते. मी पेला बाजूला करून कागद उचलला, तर वॉचमन सहजपणे म्हणाला, "मॅडम, ती जास्तीची आहे. फाइलमध्ये दुसरी लावलीय." त्याच्यावर मला राग धरता येत नाही, कारण तो कागद जपून ठेवायचा असतो हे त्याला आजवर कोणी सांगितलेलेच नाही.

राग आहे तो आमच्यावर. मावशींनी ही झेरॉक्स आमच्या एका सोसायटीत तीनदा दिली आहे. पहिल्यांदा कामाला लागताना, दुसऱ्यांदा सुरक्षेचे कंत्राट बदलले तेव्हा आणि तिसऱ्यांदा गेटवर मोबाइलवरची नोंद सुरू झाली तेव्हा. त्या आणखी चार इमारतींत कामाला जातात, तिथेही हाच प्रकार आहे. आधीच्या कंत्राटदाराची फाइल कुठे गेली, असे मी आज सेक्रेटरींना फोन करून विचारले, तर त्यांना आठवेना. आमच्यापैकी एकाही फ्लॅटमालकाचे आधार मात्र त्या केबिनमध्ये नाही. गेल्या सर्वसाधारण सभेत एका गृहस्थांनी मालकांनीही ते द्यावे असे सुचवले होते, तेव्हा सभागृहात जो गलका झाला तो अजून कानांत आहे. आमची माहिती फुटली तर जबाबदार कोण, असा प्रश्न त्या दिवशी पाच जणांनी विचारला. मावशींच्या माहितीबद्दल तो प्रश्न कोणी विचारला नाही, मीसुद्धा नाही.

आपल्या देशात खासगीपणाचा हक्क कसा मिळाला, हे अशा वेळी आठवते. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी ऐंशी ओलांडल्यावर, २०१२ मध्ये, आधारविरुद्ध याचिका केली. सरकारने १९५४ आणि १९६२ च्या जुन्या निकालांचा आधार घेत सर्वोच्च न्यायालयात सांगितले की असा मूलभूत हक्क राज्यघटनेत नाहीच. त्यावर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निर्णय दिला की हा हक्क आहे, आणि गोपनीयता ही सुखवस्तू लोकांची चैन असल्याचा युक्तिवादही निकालपत्रात खोडून काढला. इतके स्पष्ट लिहून ठेवल्यानंतरही आमच्या गेटवर तो हक्क सातबाऱ्यासारखा घराच्या मालकीला जोडलेला आहे. ज्याचा फ्लॅट त्याचा खासगीपणा.

सुरक्षेची काळजी खोटी आहे असे मी म्हणत नाही. अनोळखी माणूस आत सोडताना तो कोण हे विचारावेच लागते. आधारमुळे निराधार योजनेचे पैसे मधल्या माणसाच्या हाती न पडता खात्यात जमा होतात, हेही मान्य. पण ओळख पटवणे आणि ओळखीचा कागद काढून घेऊन कुठेही टाकून देणे यांत फरक आहे. गेटवर कार्ड बघून परत देता येते. केवळ शेवटचे चार अंक दिसतील असे झाकलेले आधार कार्ड, आधार देणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या (यूआयडीएआय) संकेतस्थळावरून मिळते. हे आम्हाला ठाऊक आहे, कारण हॉटेलात उतरताना आम्ही स्वतः तेच देतो. मे २०२२ मध्ये प्राधिकरणाच्या एका कार्यालयाने आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका असे पत्रक काढले आणि ते दोन दिवसांत मागे घेतले गेले. नेहमीचा विवेक बाळगा, एवढीच सूचना उरली. पाच घरांच्या पोळ्या करणाऱ्या बाईने गेटवर उभे राहून कोणता विवेक बाळगायचा? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आधारवरील निकालाने खासगी संस्थांना आधार मागण्याची मुभा देणारी तरतूद रद्द केली, पुढच्या वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन स्वेच्छेने देण्याची वाट ठेवली गेली. झेरॉक्स दिली नाही तर उद्यापासून आत सोडणार नाही, असे ज्या बाईला सांगितले जाते तिच्या देण्याला स्वेच्छा म्हणणे मला तरी जमत नाही.

आणि याच मावशींचा अंगठा रेशन दुकानात लागत नाही. वर्षानुवर्षे भांडी घासून आणि कणीक मळून बोटांच्या रेषा पुसट झाल्या आहेत. मागच्या पावसाळ्यात एकदा मी त्यांच्याबरोबर गेले होते. अंगठा पदराला पुसला, मग तर्जनी, मग डावा हात, पुन्हा अंगठा. रांग मागे कुरकुरत होती आणि मावशी यंत्राकडे बघत, आपलीच काही चूक झाली आहे अशा आवाजात, "मीच आहे हो ती," असे दुकानदाराला सांगत होत्या. त्या दिवशी धान्य मिळाले नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात देशातले पहिले आधार दिले गेले, तेव्हा ज्यांच्याकडे ओळखीचा कुठलाच कागद नाही त्यांना ओळख मिळेल असे सांगितले होते. मला तेव्हा ते मनापासून पटले होते.

सगळे लिहून झाल्यावर राग थोडा निवळला आहे. दुपारी मावशी आल्या तेव्हा मी तो कागद त्यांच्या हातात दिला आणि झाले ते सांगितले. त्यांनी डाग पडलेला फोटो बघितला, ओल्या बोटाने तो डाग पुसायचा प्रयत्न केला, मग कागदाची बारीक घडी करून पिशवीतल्या पाकिटात ठेवली. पोळपाट घेता घेता त्यांनी विचारले, "ताई, फाइलीत बाकीच्या बायकांचे पण आहेत ना? तेवढे घेऊन याल का?"

रविवारी कमिटीची बैठक आहे. ती फाइल मी मागणार आहे.