खुलासा: व्यंगचित्र आणि ‘२९५अ’

मंडळी, गोव्यात डिचोलीतल्या आमच्या भजनी ग्रुपवर कालपासून फिरतंय : ‘देवाचं व्यंगचित्र पुढे पाठवलं की २९५अ खाली थेट तुरुंग.’ हे चूक आहे. १९२७ साली भारतीय दंड संहितेत आलेलं, धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं ते कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत २९९ झालंय. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, पण हेतू जाणूनबुजून आणि दुष्टपणे भावना दुखावण्याचा हवा. नकळत झालेला अपमान यात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच सांगितलंय.

दुखणं मात्र खरं असतं. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची सजावट) बांधता बांधता आईने गणपतीचं तसलं चित्र पाहिलं, हातातली सुपारी तशीच राहिली. शेजारच्या ख्रिस्ती काकींनाही खुरसाची (क्रॉसची) थट्टा अशीच लागते. मेसेज पुसा, चित्रही पुढे पाठवू नका.