मलिदा बंद म्हणे!

आमच्या ठाण्याच्या भाच्याने परवा घरच्या ग्रुपवर जाहीर केलं, की मलिदा, म्हणजे आम्हा बेने इस्राएलांचा, कोकणातल्या ज्यूंचा, गोड पोह्यांचं ताट लावून नवस फेडायचा विधी, आता बंद करावा. नवस बोलायचा आणि फेडायचा, हा देवाशी सौदा झाला म्हणे. आभारच मानायचे तर तेहिल्लिममधलं, म्हणजे आमच्या स्तोत्रांच्या पुस्तकातलं, 100वं स्तोत्र म्हणा. पाच ओळींचं आहे, खर्च शून्य. खाली सगळ्यांचे अंगठे.

इथे इस्राएलमध्ये, अश्दोदला, माझी सटकलीच. अरे, ते स्तोत्र ज्या अर्पणाचं, त्याचे नियम तरी वाच. जुन्या मंदिरातल्या आभाराच्या बळीबरोबर मिश्नाच्या, म्हणजे आमच्या जुन्या नियमग्रंथाच्या, हिशेबाने 40 भाकऱ्या, आणि सगळं सकाळच्या आत संपवायचं. एका घराला जमेल? शेजारपाजार बोलवावाच लागणार. देवाचे आभार चारचौघांत मानायचे, ते असे. आई पोहे भिजवून निथळायची. ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, गाणं झालं की ताट आधी बाहेर जायचं. अलिबागच्या आमच्या आळीत कुणी हात मागे घेतल्याचं मला आठवत नाही.

सौदा कसला? उद्या ताट भरेल, असं दुखणाईताच्या उशाशी बसून आज बोलायचं, याला आमच्यात आशा म्हणतात. 107वं स्तोत्र वाच: वाळवंटात चुकलेला, तुरुंगातून सुटलेला, आजारातून उठलेला, समुद्रातून वाचलेला, या चौघांनी उपकार मानावेत. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून आपले पूर्वज, सात पुरुष नि सात बायका किनाऱ्याला लागल्या, असं आपण पिढ्यान्पिढ्या सांगतो. म्हणजे चौथा नंबर आपलाच की.

इथे बघ, कुपात खोलिमच्या, म्हणजे दवाखान्याच्या, रांगेतसुद्धा जो तो ‘बारुख हाशेम’, देवाची कृपा, म्हणतो. तुमच्यासारखं लाजत नाहीत.

मात्र मोरोक्कोच्या शेजारणीने ताट बघून विचारलं, हे आपलं की हिंदूंचं? तिच्याशी मी वाद घातला नाही. आम्ही खरे ज्यू की नाही, हा वाद आमच्या थोरल्यांनी घातला, रस्त्यावर बसून. तेव्हा कुठे 1964 साली क्नेसेटने, इथल्या संसदेने, बेने इस्राएल पूर्ण ज्यू असल्याचं ठरवलं. अलिबागला आम्ही शनवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे; इथे होदूवाले, म्हणजे भारतवाले. ममादमध्ये, घरातल्या हल्ल्यापासून बचावाच्या खोलीत, भोंगा थांबायची वाट बघताना माझ्या तोंडात मात्र नवस मराठीतच येतो, आणि तो मलिद्याचाच असतो.

तेव्हा बाळा, टू बिश्वातला, झाडांच्या सणाला, अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या टाप्यावर माझ्या नावाने एक ताट लाव. पैसे पाठवते. 100वं स्तोत्र तूच म्हण, तुला पाठ आहे ना?