‘मापात पाप’ म्हणणाऱ्या सरांना आमचं उत्तर

नमस्कार सर. तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल आधी माफी मागतो. आम्ही कापून दिलेली फिल्म मोठ्या कॅमेऱ्यात घालून लोणारला दैत्यसूदन मंदिराचे फोटो काढायचे आणि निगेटिव्ह कडांनी काळ्या निघायच्या, म्हणजे जीव हळहळणारच. आम्हाला ती धुऊन द्यायला तीन आठवडे लागले हेही खरं. रिव्ह्यूत दोन स्टार दिले, तेही सोसू. पण ‘चार बाय पाचचे पैसे घेऊन कमी मापाची फिल्म देतात, मापात पाप’ हे लिहिलंत, ते वाचल्यापासून दुकानात लक्ष लागत नाही.

सर, चार बाय पाच इंच हे नाव होल्डरचं, म्हणजे कॅमेऱ्यात फिल्मची शीट धरणाऱ्या चपट्या कप्प्याचं. पूर्ण चार बाय पाच कापलेली शीट त्याच्या खाचेत सरकतच नाही. चौकटीएवढंच दार केलं तर ते लागेल का? कंपनीच्या डब्यातली शीटसुद्धा लांबीला आणि रुंदीला साधारण अर्धा सूत, म्हणजे दीडेक मिलिमीटर, कमीच असते. घरात एखादी जुनी निगेटिव्ह असेल तर तिला पट्टी लावून बघा.

आणि अर्धा सूत मारून मी कमावणार काय? आमच्याकडे रोल येतो तो विमानातून फोटो घेण्याच्या फिल्मचा, साडेनऊ इंच रुंद. पाच इंचांचा तुकडा कापला की त्यातून दोन शीट निघतात आणि दीड इंचाची पट्टी उरते. ती कोणी विकत घेत नाही, केमिकल तपासायला वापरतो. लांबीत वाचवतो म्हणाल, तर 80 तुकडे कापल्यावर कुठे एका तुकड्याची फिल्म सुटेल. तेवढ्यासाठी कोणी नाव घालवतं का? आमच्या बाबांनी जन्मभर कापसाची गाडी काट्यावर नेली. काटा मारला की घरी काय होतं ते आम्ही पाहिलंय. म्हणून हा शब्द लागला.

ही फिल्म पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळ्या रंगांचा उजेड पकडणारी. एक्स-रेच्या फिल्मला लाल दिवा चालतो, हिला तोही नाही. ठार अंधारात, कटरला अडसर लावून, बोटांनी चाचपत कापावी लागते. हवा कोरडी असताना रोल झटक्यात उलगडला तर स्थिर विजेची ठिणगी पडते आणि फिल्मवर फाटे फुटलेल्या रेषा उमटतात, म्हणून आधी फरशीवर पाणी मारायचं. जिनिंगच्या हंगामात हवेत रुई उडते, तेव्हा कापणं बंदच. कंपनीच्या शीटला अंधारात ओळखायला कडेला खाच असते, ती आमच्याकडे नाही. पण इमल्शनची, म्हणजे फोटो उमटणाऱ्या थराची, बाजू आपल्याकडे असताना जो वरचा उजवा कोपरा येतो, तो कापून देतो. एवढं सगळं करणारा माणूस माप सोडून देईल, असं काहून वाटलं तुम्हाला?

आता कडांचं. बोलू नये, पण रिव्ह्यूत फोटो तुम्हीच टाकलाय. न वापरलेली शीट, शेजारी स्टीलची पट्टी, खिडकीचा उजेड, आणि मागे टेबलावर उघडं काळं पाकीट. आत बाकीच्या शीट दिसतात. गठ्ठ्याला उजेड लागला की तो कडांतूनच आत शिरतो. ‘पूर्ण अंधारातच उघडा’ हे पाकिटावरचं अक्षरही त्या फोटोत वाचता येतं. लोणारला त्याच पाकिटातल्या शीट नेल्या होत्या ना सर?

उशिराबद्दल ‘उन्हाळ्याचं कारण सांगतात’ असं लिहिलंत. फोनवरही हसलाच होतात. मे महिन्यात हिंगणघाटच्या पुढे एक दिवस राहून बघा. पारा 45 च्या आसपास, टाकीच्या पाण्यात दुपारी हात घालवत नाही. आमचा डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर फोटो उमटवणारं केमिकल, डी-76; त्याचा हिशेब 20 अंशांचा. डेव्हलपर बर्फात ठेवून गार करता येतो, पण धुण्याचं पाणीही त्याच्या जवळपास लागतं. गार डेव्हलपरमधली शीट गरम पाण्यात गेली की फिल्मवरचं जिलेटिन फुगतं, सुरकुततं, आणि ती सुरकुती मग जात नाही. म्हणून रांजणात बर्फाच्या पिशव्या सोडून पहाटे काम करतो. रात्री लाइट गेली तर बर्फ नाही, बर्फ नाही तर त्या दिवशी काम नाही. तुमची एकही शीट सुरकुतलेली नाही, तेवढं मात्र लिहायचं राहिलं.

असो. पाकिटावरची सूचना मोठ्या अक्षरात करू, उन्हाळ्यातल्या तारखांचंही काहीतरी बघतो.

गावात आमचं दुकान पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्सवर चालतं. मोठ्या कॅमेऱ्याची गिऱ्हाइकं बाहेरगावची, ती रिव्ह्यू वाचूनच फिल्म पाठवतात, आणि तुमचा सगळ्यात वर दिसतो. स्टार राहू द्या, तो एक शब्द काढलात तर उपकार होतील. पाकिटात कोऱ्या शीट उरल्या असतील तर कुरिअर करा. त्यातली एक तशीच डेव्हलप करून कडा काय म्हणतात ते पाहू. त्याचे पैसे नकोत.